बंदीपेक्षा नियोजन महत्त्वाचे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मुंबई, पुणे, ठाणे आणि नाशिकमधील तरुणाईला सह्याद्रीचे वेध लागतात. त्याच सुमारास जिल्हा प्रशासनांचे मनाई आदेशही निघू लागतात. धबधबे, धरणांचे परिसर आणि घाटमाथ्यावरील कडे यांना लागू होणारे हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ नुसार काढले जात. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. कलम बदलले, परिस्थिती मात्र फारशी बदललेली नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा वाहून गेल्याने अंत झाला. १५ जून २०२५ रोजी तळेगावनजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघे दगावले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. या दोन्ही दुर्घटना सहज पोहोचता येणाऱ्या, गर्दीच्या ठिकाणी घडल्या. तरीही त्यानंतर होणाऱ्या चर्चेत हुल्लडबाज गर्दी आणि अभ्यासपूर्वक डोंगर चढणारा पदभ्रमणकर्ता यांना एकाच पंक्तीत बसवले जाते आणि सरसकट बंदी हाच उपाय ठरतो. बंदी जाणत्याला घरी बसवते. अजाण पर्यटक मात्र आडवाटेने आत शिरतोच. डोंगरातील सुरक्षितता फलकापेक्षा आदल्या दिवशी केलेल्या नियोजनावर अधिक अवलंबून असते, याचा विचार शासनाने आणि पर्यटकांनीही करायला हवा.

'मध्यम' म्हणजे काय?

पदभ्रमणाच्या जाहिरातींत 'मध्यम श्रेणी' हा शब्द सर्रास वापरला जातो. कर्जत तालुक्यातील खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या वाटांचे उदाहरण घेऊ. येथे दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण कड्याला लावलेल्या शिड्यांची आणि निसरड्या कातळाची. गणेश घाटाची वाट लांबची, परंतु तुलनेने सौम्य. कड्याच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे स्थानिक भाषेत 'पदरावर', दोन्ही वाटा एकत्र येतात आणि पुढे दाट जंगलातून माथ्याकडे चढतात. गणेश घाटाला मध्यम म्हणणे गैर नाही. पण ही श्रेणी कोरड्या दिवसाची आणि उजेडाची असते. जुलैतील धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले की मळलेली वाट कोणती आणि ढोरवाट कोणती, हे नवख्याला ओळखता येत नाही. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले भीमाशंकरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे येथे वन विभागाचे नियम लागू होतात. कोणती वाट खुली आहे आणि कोणती बंद, याची चौकशी निघण्यापूर्वीच व्हायला हवी.

वेळेचे गणित

नियोजनाचा गाभा म्हणजे वेळ. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो हिशेब आहे. समजा, एखादी वाट एका बाजूने आठ किलोमीटर लांबीची आणि ८०० मीटर चढाची आहे. या हिशेबाने माथा गाठण्यास सुमारे तीन तास लागतील. मात्र हा वेग सराव असलेल्या, धडधाकट माणसाचा. पंधरा जणांचा गट, त्यात निम्मे नवखे आणि वाट ओली असेल, तर साडेचार तास धरणेच शहाणपणाचे. ओल्या उतारावर घाई करता येत नाही. परतीला साडेतीन तास हवेत. जेवण व विश्रांतीचा एक तास मिळवला की एकूण नऊ तास होतात.

सकाळी सातला चालायला सुरुवात करणारा गट चार वाजता पायथ्याशी परत येईल. दहाला निघणाऱ्या गटाला सात वाजतील. जुलैत मुंबई परिसरात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, पण ढगाळ हवेत गच्च झाडीखाली त्याआधीच काळोख दाटतो. डिसेंबरात तर सहालाच सूर्य मावळतो. म्हणून निघतानाच परतीची वेळ ठरवावी. बारा वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना! बहुतेक गट नेमके हेच पाळत नाहीत.

हवामानाचेही तसेच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास हवामान खाते तो 'मुसळधार' मानते, ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत मुसळधार'. नारिंगी वा लाल इशारा असताना घाटमाथ्याची वाट धरू नये. सकाळी घोट्याइतके पाणी असलेला ओढा वर कोसळलेल्या पावसाने दुपारी कमरेपर्यंत चढतो. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच मार्ग. त्यासाठीही हाताशी वेळ राखून ठेवलेला असला पाहिजे. प्रत्येकाजवळ विजेरी, शिट्टी, पुरेसे पाणी, कोरडे कपडे आणि चांगली पकड असणारे बूट हवेत. जंगलात भ्रमणध्वनीला संपर्कक्षेत्र मिळेलच असे नाही. त्यामुळे वाट आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवणे अगत्याचे.

जबाबदारी कोणाची?

समाजमाध्यमांवर जाहिरात करून बसगाड्या भरणाऱ्या आयोजकांचा प्रश्न वेगळा आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. पैसे भरण्यापूर्वी ही नोंदणी आहे का, किती जणांमागे एक प्रशिक्षित नेता आहे आणि परतीची वेळ कोणती, हे तीन प्रश्न विचारणारे पर्यटक किती निघतील? ग्राहकानेच विचारणा केली नाही, तर नियम कागदावरच राहतात. माणूस हरवला की रात्री शोधायला निघतात ते पायथ्याचे गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक. आपल्या बेफिकिरीची किंमत त्यांनी का मोजावी?

शासनासमोर अनुकरणीय नमुना राज्यातच आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात दररोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी ही व्यवस्था भोवतीच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांच्या सहभागातून उभी राहिली. गर्दीच्या डोंगरवाटांच्या पायथ्याशीही नोंदवही, चढाई सुरू करण्याची अंतिम वेळ, संख्येची मर्यादा आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या एवढे झाले, तरी बंदीची गरज पुष्कळ कमी होईल आणि गावाला रोजगारही मिळेल. जुलै २०२५ मध्ये लोहगड, राजगड, साल्हेरसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याने डोंगरांकडे वळणारी पावले वाढणार, हे उघड आहे. मुसळधार पावसाच्या ऐन दिवसांत तात्पुरती बंदी अपरिहार्य असेल. परंतु तिला वर्षभराच्या व्यवस्थेचा पर्याय मानता येणार नाही. येणाऱ्यांची नोंद ठेवणारी माणसे पायथ्याशी बसवण्यास शासनाने आणि दुपारी बाराला माघारी वळण्यास पर्यटकांनी आता तरी सुरुवात करावी.