चित्रातील गाव आणि खरे गाव

आमच्या घरी धाकटी भावंडे संध्याकाळी ‘शिनचॅन’ पाहावयास बसली, की आजोबा हमखास विचारीत, “अरे, हे गाव आहे तरी कुठे?” या प्रश्नाला खरे उत्तर आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. शिनचॅनचे कासुकाबे हे काल्पनिक नगर नव्हे. ते तोक्योच्या उत्तरेस, साइतामा प्रांतात आहे. जपानी ॲनिमेतील कित्येक रस्ते, देवळे आणि रेल्वेस्थानके अशीच खरी असून ती पाहण्यासाठी लोक देशोदेशींहून जातात. जपानी भाषेत या प्रवासाला ‘सेइची जुन्रेइ’, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा, असेच नाव पडले आहे.

केवळ चित्रातील देखाव्यासाठी केलेल्या प्रवासास यात्रा म्हणावे काय? जे मुळात रेखाटलेले, ते पाहण्यास एवढा खर्च आणि एवढी दगदग कशासाठी? हा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येणे स्वाभाविक आहे. परंतु मला तो पुरता पटत नाही. माकोतो शिनकाई यांचा ‘किमी नो ना वा’, म्हणजे ‘तुझे नाव’, हा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरच्या प्रसंगातील लाल कठड्याच्या पायऱ्या तोक्योच्या योत्सुया भागात, सुगा देवस्थानाजवळ आहेत. वस्तुतः त्या राहत्या घरांमधून जाणाऱ्या साध्या पायऱ्या. शेजारचे लोक नित्य त्यांवरून चढतात, उतरतात. चित्रकाराने मात्र तेथे थांबून पाहिले, आणि मग लक्षावधी प्रेक्षकांना त्या सुंदर दिसल्या. सौंदर्य दूरच्या, दुर्मिळ वस्तूंतच असते असे नाही, एवढा धडा जरी यात्रेकरूने घेतला, तरी त्याचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही.

ही सारी हकीकत मी आजोबांना उत्साहाने सांगितली. ते क्षणभर थांबून म्हणाले, “ठीक आहे. पण तेथे राहणाऱ्या माणसांचे काय?”

या प्रश्नाने मला विचारात टाकले. कामाकुरा येथे समुद्राकाठाने धावणाऱ्या लहान रेल्वेचे एक फाटक आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांची कथा सांगणाऱ्या ‘स्लॅम डंक’ या मालिकेच्या आरंभी, १९९३ साली, ते दाखविले गेले. २०२२ साली त्याच कथेवर नवा चित्रपट निघाल्यावर तेथील गर्दीस उधाण आले. छायाचित्रासाठी लोक भर रस्त्यात उभे राहू लागले. वाहनांना अडथळा होऊ लागला. रहिवाशांच्या दाराशी कचरा साचू लागला. अखेर तेथे पहारेकरी नेमावे लागले. त्या स्थानकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘कामाकुरा हायस्कूलसमोर’ असा आहे. म्हणजे आमच्यासारखीच मुले रोज त्या वाटेने शाळेला जातात! आपल्या शाळेच्या वाटेवर परक्यांनी अशी दाटी केली, तर आपणांस कसे वाटेल?

याच्या अगदी उलट उदाहरणही जपानातच आहे. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माझा शेजारी तोतोरो’ या १९८८ सालच्या चित्रपटातील रानास तोक्योजवळच्या सायामा टेकड्यांची प्रेरणा लाभली होती. वाढत्या घरबांधणीमुळे तेथील झाडी नाहीशी होऊ लागली, तेव्हा १९९० साली तिच्या रक्षणासाठी एक निधी उभारला गेला. मियाझाकींनी तोतोरोचे नाव वापरण्यास संमती दिली. लोकांच्या देणग्यांतून १९९१ साली जमिनीचा पहिला तुकडा विकत घेऊन राखण्यात आला, आणि आज असे पन्नासांहून अधिक तुकडे सुरक्षित आहेत. ज्या रानाने चित्राला रूप दिले, त्या रानाचे ऋण चित्रावर प्रेम करणाऱ्यांनी अशा रीतीने फेडले.

फाटकापाशी गर्दी करणाऱ्यांचे आणि रानासाठी देणगी देणाऱ्यांचे चित्रावरील प्रेम कदाचित सारखेच असेल. परंतु एकाला ते स्थळ केवळ आपल्या छायाचित्राची पार्श्वभूमी वाटते, तर दुसऱ्याला ते कोणाचे तरी गाव, कोणाचे तरी रान आहे याचे भान असते. माझ्या मते, हे भान असेल तरच त्या प्रवासास यात्रा हे नाव शोभते. ज्या गावी जावे तेथील वाट अडवू नये, शांतता मोडू नये, आणि शक्य तर त्या गावाच्या उपयोगी पडावे.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकी फारच थोडे जपानला जाऊ शकतील. तथापि चित्रकाराची ती पाहण्याची दृष्टी येथेही मिळविता येते. आपल्या शाळेची वाट, कोपऱ्यावरचे झाड, नदीचा घाट यांकडे एकदा थांबून पाहा. कोणी त्यांचे चित्र काढो वा न काढो, त्यांची निगा राखणे हे मात्र आपलेच काम आहे.