मशीन धूर मोजते, वय नाही

“गाडी म्हातारी झाली मामू, विकून टाका.” पीयूसी केंद्रावरच्या पोराने निकाल देऊन टाकला. पडद्यावर आकडा होता 3.8. मामूंची पिकअप 2008 ची. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा 2.45. नापास झाली, हे कबूल. पण वयामुळे झाली हे त्या मशीनने कधी सांगितले?

शेजारीच दुसरा रस्ता तयार होता. थोडे वर द्या, नळी न लावता कागद मिळेल. दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो म्हटल्यावर माणूस हा रस्ता धरतो. मी मामूंना अडवले, तेव्हा ते माझ्यावरच चिडले. “तुझं काय जातं? दीड दिवस बाजार बुडाला माझा.” खरे होते ते. पण त्या गाडीमागे मोहल्ल्याच्या शाळेतली पोरे चालतात आणि धूर त्यांच्या नाकात जातो.

आता त्या “म्हातारपणा”कडे बघू. धुराला रंग असतो आणि रंग बोलतो. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सील बघा. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत जाते आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. मामूंच्या गाडीचा धूर काळा होता. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, किंवा डिझेलचा फवारा नीट फुटत नाही. एवढे समजायला इंजिनियर लागत नाही. तरी पहिल्या मिस्त्रीने थेट पंप उतरवायला सांगितले, कारण मोठे बिल त्यातच होते!

दुसऱ्या मिस्त्रीने आधी एअर फिल्टर काढला. झटकल्यावर अर्धा किलो धूळ पडली म्हणा ना. मग नोझल टेस्टिंगला नेले, तर चारपैकी दोन थेंब थेंब गळत होते. आणि तिसरी गोष्ट निघाली, जी सांगताना मामू खाली बघत होते. घाटात माल ओढत नाही म्हणून त्यांनीच दोन वर्षांपूर्वी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतले होते. गाडीत भरत होते ठरल्यापेक्षा जास्त, आणि दोष इंजिनला.

केंद्रावरची चूकही सोडणार नाही. ही चाचणी इंजिन पुरते तापवून, दोन-चारदा मोकळा ॲक्सिलरेटर देऊन, सायलेन्सरमधली साचलेली काजळी उडवून मग घ्यायची असते. त्या दिवशी रांगेत पाऊण तास बंद उभी असलेली गाडी चालू केली आणि पहिल्याच झटक्याला नळी खुपसली.

फिल्टर बदलला, नोझल दुरुस्त झाले, स्क्रू जागेवर आला. इंजिन तापवून पुन्हा नेली. आकडा 1.9. खर्च पंपाच्या बिलाच्या पाव हिश्श्यातही बसला. आता घाटात गाडी हळू चढते, म्हणून मामू दोन पेट्या कमी भरतात आणि दर वेळी मला त्याबद्दल ऐकवतात.