दहा मीटरवरचा नेम

उरुसात किंवा जत्रेत फुगे फोडण्याचे दुकान तुम्ही पाहिले असेल. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात. दुकानदार एक जुनी बंदूक हातात देतो. फुगा फुटला की सगळे टाळ्या वाजवतात. फुटला नाही, तर ‘बंदूकच वाकडी आहे’ असे म्हणून आपण पुढे जातो. (पुष्कळदा ती वाकडी असतेही!)

याच खेळाचा एक शहाणा थोरला भाऊ आहे. त्याचे नाव पिस्तूल नेमबाजी. तुम्ही घरी ‘निशाना’ म्हणता, त्यालाच मराठीत ‘नेम’ म्हणतात. नोकरी-धंदा सांभाळून केवळ आवडीसाठी हा खेळ खेळणारी माणसे आपल्याकडे आहेत. सुट्टीच्या दिवशी ती रेंजवर जमतात आणि आपसांत मैत्रीचे सामने खेळतात. माझ्या मते हा छंद फार चांगला आहे, आणि तो आपल्या मुलांपर्यंत पोचला पाहिजे.

हे वाचून काही पालक दचकतील. मुलाच्या हातात पिस्तूल द्यायचे? त्यांची भीती खोटी नाही. पण आपल्या घरात काय चालते तेही पाहा. खेळण्यातले पिस्तूल मिळाले, की मूल पहिल्यांदा ते धाकट्या भावाच्या कपाळावर रोखते. कोणी त्याला रागावत नाही. उलट घरातले मोठे लोक हसतात आणि खोटे खोटे मरून पडतात. मला या खेळण्याची जास्त काळजी वाटते. रेंजवर कोणी माणसाकडे पिस्तूल वळवले, तर त्याचा खेळ तिथेच थांबतो. पिस्तूल रिकामे होते, ही सबब तिथे चालत नाही.

आता हा खेळ कसा असतो ते पाहू. शिकाऊ माणूस बहुधा एअर पिस्तुलाने सुरुवात करतो. हे पिस्तूल बारुदावर नव्हे, हवेच्या दाबावर चालते. त्यातून 4.5 मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा सुटतो. लक्ष्य 10 मीटर दूर असते. कागदी कार्डावर एकात एक वर्तुळे छापलेली असतात. अगदी मधल्या वर्तुळाला 10 गुण मिळतात, आणि त्याची रुंदी असते फक्त 11.5 मिलिमीटर. म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढी! पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. दुसऱ्या हाताचा आधार घेता येत नाही. म्हणून खेळाडू तो हात खिशात तरी घालतो, नाहीतर पट्ट्यात अडकवतो. मोठ्या स्पर्धेत असे 60 नेम मारायचे असतात. वेळ 75 मिनिटे.

ऐकायला सोपे वाटते. पण हात पुढे करून नुसते उभे राहून पाहा. थोड्याच वेळात बोटे थरथरू लागतात. श्वास घेतला की हात वर जातो, सोडला की खाली येतो. छातीतले ठोकेसुद्धा मनगटापर्यंत पोचतात. आणखी एक गंमत म्हणजे, नेमबाज लक्ष्याकडे टक लावून पाहत नाही. तो पिस्तुलाच्या टोकावरची माशी नीट पाहतो आणि लक्ष्य त्याला धूसर दिसते. घोडा झटक्याने ओढला, की छर्रा भलतीकडेच जातो. तो इतका हळू दाबायचा, की पिस्तूल सुटल्याचे आपल्यालाच नवल वाटावे. रागावलेल्या माणसाला हे जमत नाही. घाईत असलेल्यालाही जमत नाही. पिस्तूल म्हटले की आपल्याला सिनेमातली मारामारी आठवते. इथे मात्र सगळा खटाटोप असतो तो आपला हात शांत ठेवण्याचा.

रेंजवरचे नियम कडक असतात. पिस्तुलाचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचे नाही. पिस्तूल रिकामे आहे हे सर्वांना दिसावे म्हणून नळीत रंगीत दोरी घालून ठेवायची. ‘स्टॉप’ असा हुकूम झाला, की नेम कितीही छान लागलेला असो, हात खाली आलाच पाहिजे. मैत्रीचा सामना असला म्हणून यातला एकही नियम सैल होत नाही.

मैत्रीच्या सामन्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. ती म्हणजे गुण मोजण्याची रीत. मोठ्या स्पर्धांत आता यंत्र गुण सांगते. छंदाच्या सामन्यात अजून कागदी कार्डे चालतात, आणि खेळाडू ती एकमेकांत बदलून तपासू शकतात. छर्ऱ्याचे भोक वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसते टेकले तरी वरचे गुण मिळतात. ते टेकले की नाही? समोर भिंग धरून आपला प्रतिस्पर्धीच वाकलेला असतो. तो म्हणतो, “टेकले आहे. दहा मांडा.” हे म्हणताना तो स्वतः एका गुणाने मागे पडलेला असू शकतो. यंत्राने गुण बरोबर मोजले जातील, यात शंका नाही. पण हे वाक्य यंत्र बोलणार नाही. म्हणूनच अशा सामन्यात पैशांची पैज लावू नये असे मला वाटते. पैज आली, की भिंग धरणाऱ्याची नजर बदलते. हरणाऱ्याने सर्वांना चहा पाजावा, एवढे पुरे.

या छंदाविषयी माझी तक्रारही आहे. तो महाग आहे. स्पर्धेसाठी लागणारे चांगले परदेशी पिस्तूल लाख रुपयांच्या वर जाते. छर्रे आणि रेंजची फी वेगळी. आपल्या राज्यात पुण्याजवळ बालेवाडीला, मुंबईत वरळीला, कोल्हापुरात दुधाळीला रेंज आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. तरीही आपल्यापैकी किती मुलांनी रेंज आतून पाहिली आहे?

जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिसचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिचे वडील मोटार मेकॅनिक. तिच्या पायात जन्मापासून दोष. नेमबाजी शिकवणाऱ्या एका अकादमीने शाळेतल्या मुलांमधून होतकरू खेळाडू शोधले, त्यातून ती या खेळात आली. 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलात तिने कांस्यपदक जिंकले. शाळेचे दार कोणी ठोठावलेच नसते, तर ती या खेळापर्यंत कशी पोचली असती?

म्हणून छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. वर्षातून एक-दोन सामने तरी तुम्ही शाळांसाठी ठेवा. संस्थेची दोन-तीन सामाईक पिस्तुले आणा. पिस्तूल कधीच हातात न धरलेल्या मुलांना बोलवा, मुलींनाही बोलवा. जागा फार लागत नाही. 10 मीटरपेक्षा थोडी लांब बंद खोली, छर्रे अडवणारी भक्कम भिंत, आणि प्रत्येक मुलामागे उभा राहणारा एक जाणता माणूस, एवढे हवे. यातली तिसरी गोष्ट नसेल, तर पहिल्या दोन असूनही सामना भरवू नका.

राहिला पालकांचा प्रश्न. सामना संपला, की पिस्तूल संस्थेच्या कपाटात कुलपात जाईल. मूल घरी आणील ते भोके पडलेले कार्ड. त्याच्या मागे गुण मांडणाऱ्या दुसऱ्या मुलाची सही असेल.