फ्लोचार्ट : आराखडा की बखर?

१/ शाळेच्या संगणकाच्या पुस्तकात एक धडा हमखास असतो : आधी फ्लोचार्ट काढा, मग प्रोग्रॅम लिहा. चौकोन म्हणजे क्रिया, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे निर्णय, बाण म्हणजे वाट. सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिणारेही हा क्रम गृहीत धरतात आणि जुनी आकृती हाती लागली की तिला मूळ आराखडा म्हणून मोकळे होतात. हा भाबडेपणा आता सोडायला हवा.

२/ मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली. तेवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. परंतु घटना घडत असताना लिहिलेल्या पत्राइतके तिचे वजन कोणी मानत नाही. हीच कसोटी फ्लोचार्टला मात्र क्वचितच लावली जाते.

३/ मुळात या आकृतीचा जन्मच नोंद म्हणून झाला. १९२१ मध्ये फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. चालू असलेले काम टप्प्याटप्प्याने कागदावर उतरवायचे आणि मग त्यातला अपव्यय शोधायचा, ही त्यांची पद्धत. काम आधी, चित्र नंतर.

४/ हा क्रम उलटवला तो प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये. १९४७-४८ च्या अहवालांत हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ‘फ्लो डायग्रॅम’ला प्रोग्रॅम-रचनेच्या केंद्रस्थानी बसवले. विचार आकृतीत व्हावा, यंत्राला कळेल असे लेखन त्यावरून करावे. शाळेतल्या धड्याचे मूळ येथे आहे.

५/ या काळापुरता तो धडा खराही आहे. एनिअ‍ॅक यंत्रावर १९४८ च्या वसंतात चाललेल्या माँटे कार्लो गणितांसाठी काढलेल्या आकृत्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. यंत्र चालण्याआधीचे, हाताने काढलेले हे कागद म्हणजे अस्सल साधन.

६/ पण अस्सल साधनही सगळे सांगत नाही. त्या आकृत्यांवरून यंत्राच्या आज्ञा तयार करण्याचे काम मुख्यतः क्लारा फॉन नॉयमन यांनी केले. आकृती म्हणजे प्रतिभा आणि आज्ञालेखन म्हणजे नक्कल, असे एकदा मानले की श्रेय कोणाकडे जाते आणि कोणाकडून निसटते, हे उघड आहे. क्लारा यांचे नाव अनेक दशके तळटीपेतच राहिले, यात या उतरंडीचा वाटा मोठा आहे.

७/ पुढे संगणक कचेऱ्यांत शिरले आणि आकृतीचे रूप पालटले. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत फ्लोचार्ट जोडलाच पाहिजे, असे नियम ठिकठिकाणी झाले. आकार कापलेली प्लास्टिकची पट्टी आणि पेन्सिल प्रोग्रॅमरच्या टेबलावर आली. प्रोग्रॅम दर आठवड्याला बदले. चित्र पुन्हा काढण्याचा उत्साह मात्र कोणालाच नसे.

८/ या कंटाळ्यातून सॉफ्टवेअर-व्यवसायाचा एक आरंभबिंदू निघाला. १९६४ मध्ये आरसीए या संगणक-निर्मात्या कंपनीच्या विचारणेवरून अप्लाइड डेटा रिसर्च या छोट्या कंपनीने प्रोग्रॅम वाचून फ्लोचार्ट छापणारे सॉफ्टवेअर तयार केले. आरसीएने ते घेतले नाही. मग कंपनीने ते थेट आरसीए ५०१ वापरणाऱ्यांना देऊ केले. घेणारे निघाले दोनच.

९/ मार्टिन गोट्झ यांच्या या कंपनीने हार न मानता आयबीएमच्या लोकप्रिय १४०१ यंत्रासाठी नवी आवृत्ती काढली. तिचे नाव ऑटोफ्लो. यंत्रापासून वेगळे, अनेकांना विकता येणारे ‘उत्पादन’ म्हणून सॉफ्टवेअरची जी पहिली उदाहरणे इतिहासकार देतात, त्यांत ऑटोफ्लो अग्रभागी असते.

१०/ अडचण अशी की आयबीएम स्वतःचा ‘फ्लोचार्टर’ संगणकासोबत फुकट देत असे. फुकटाशी स्पर्धा कोण करणार? एप्रिल १९६९ मध्ये कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. अमेरिकी सरकारचा मक्तेदारीविरोधी दावा त्याच वर्षी जानेवारीत दाखल झाला होता. जूनमध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी आकारण्याची घोषणा केली. हे केवळ गोट्झ यांचे कर्तृत्व म्हणता येणार नाही. १९७० मध्ये हा दावा न्यायालयाबाहेर मिटला, एवढे निश्चित.

११/ या कथेतला विनोद सहसा नजरेआड होतो. जे साधन प्रोग्रॅम लिहिण्याआधी विचार करण्यासाठी आहे असे शिकवले जात होते, तेच तयार प्रोग्रॅमवरून छापून देणारे यंत्र ग्राहक पैसे मोजून नेत होते. मागणी विचाराला नव्हती. फाइलमध्ये लावायच्या कागदाला होती.

१२/ हे बोलून दाखवले ते आयबीएमच्याच ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) मध्ये त्यांनी तपशीलवार फ्लोचार्टला कालबाह्य कटकट ठरवले. अनुभवी प्रोग्रॅमर नित्यनेमाने आधी असा चार्ट काढतो, हे आपण पाहिलेले नाही, असेही नोंदवले. बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांच्या १९७७ च्या प्रयोगांतही तपशीलवार फ्लोचार्टचा ठोस फायदा आढळला नाही.

१३/ दुसरी बाजू डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमंट्स यांनी १९८६ मध्ये मांडली. रचना कधीच सरळ रेषेत घडत नाही, तरीही ती तशी घडली असावी अशा रीतीने कागदपत्रे लिहावीत. नंतर येणाऱ्याला तीच उपयोगी पडतात. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. इतिहासकाराची मात्र त्याने पंचाईत होते : फसलेले प्रयत्न, बदललेले निर्णय, रद्द केलेली वाट असे सगळे पुसून गुळगुळीत झालेले चित्र त्याच्या हाती येते. ही बखरच, फक्त बखरकार सद्हेतूने लिहीत असतो.

१४/ १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या यूएमएलच्या आकृत्यांनाही हाच संशय लागू करावा लागेल. रॅशनल रोजसारखी साधने आकृतीवरून कोड काढून देत, तशीच कोडवरून आकृतीही. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

१५/ अलीकडच्या मर्मेडसारख्या साधनांनी (२०१४) नकळत इतिहासकारावर उपकार केले आहेत. त्यांत आकृती साध्या मजकुरात लिहिली जाते आणि कोडशेजारीच साठवता येते. म्हणजे कोणी, कधी, काय बदलले याची तारीखवार नोंद राहते. फळ्यावरची आकृती बैठक संपताच पुसली जाते, तिचे काय, हा प्रश्न उरतोच. संग्रहालयांनी आणि कंपन्यांच्या दप्तरखान्यांनी निदान प्रत्येक जुन्या आकृतीवर एवढे नोंदवावे : ही कोडच्या आधीची की नंतरची, हाताने काढलेली की यंत्राने छापलेली. उत्तर ठाऊक नसेल, तर तसेही लिहावे.