माल कुठला, पत्ता कुठला?

न्हावा शेवा बंदरातले कंटेनर पाहिलेत? प्रत्येकावर चार अक्षरं नि सात आकडे असतात. त्यावरून कंटेनर यार्डात कुठे आहे ते सापडतं. समजा, सगळे फोडून मालाचा एकच ढीग केला, तर? काय आलं ते कळेल, कुठे होतं ते नाही!

शास्त्रज्ञांची हीच पंचाईत होती. जनुकं जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच. पण जिभेत काही चालू, हाडात दुसरीच. ती सगळी मोजायची, तर तुकड्याचा लगदा करावा लागे.

२०१६ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी युक्ती छापून आणली. काचपट्टीवर ठिपके, प्रत्येकाला डीएनएच्या अक्षरांचा वेगळा क्रमांक. त्यावर केसाहून पातळ काप ठेवायचा. चालू जनुकांच्या आरएनए नावाच्या चिठ्ठ्या खालच्याच ठिपक्याला चिकटतात. चिठ्ठी वाचली, की पत्ताही मिळतो! (प्रथिनं जागेवर रंगवून पाहण्याची पद्धत मात्र जुनी.)

बंदराच्या याच परिसरात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था 'अ‍ॅक्ट्रेक' आहे. अशा ठिकाणी प्रश्न पडतो: लढणाऱ्या पांढऱ्या पेशी गाठीत शिरल्यात, की वेशीवरच अडल्यात? औषध लागू पडणं पुष्कळदा त्यावर असतं. लगदा ते कसं सांगणार?