दुखण्याआधीचे मोजमाप

२१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर झहीर खान चौदावे षटक अर्धवट टाकून मांडीच्या मागच्या स्नायूच्या वेदनेने मैदानाबाहेर गेला आणि भारताची गोलंदाजी तेथेच खचली. ती मालिका आपण ४-० अशी गमावली. झहीर मूळचा श्रीरामपूरचा. पुढे २०२४ मध्ये याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे प्रो कबड्डीच्या हंगामातून बाहेर पडला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने विजेतेपद मिळविले होते.

या दोघांच्या पाठीशी निदान वैद्य आणि उपचारक तरी होते. पहाटे नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी कोण आहे? पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सराव डांबरावर, जोडे झिजलेले, मार्गदर्शन आदल्या वर्षी भरती झालेल्या मित्राचे. नडगी दुखू लागली की तेल चोळायचे आणि पुन्हा धावायचे. त्या दुखण्यामागे हाडाला पडलेली केसाएवढी भेग असू शकते, हे सहसा कोणी सांगत नाही. हा विकार काही नवा नव्हे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने १८५५ मध्येच कवायतीने सुजलेल्या पायांचे वर्णन केले होते. त्या सुजेमागे हाडाची भेग आहे, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उमगले. नगरसारख्या लष्करी शहराला हे सांगावे लागावे, हे थोडे विचित्रच.

आता या दुखण्यावर अंगावर बांधायच्या संवेदकांचा उपाय सुचविला जात आहे. हे संवेदक म्हणजे नखाएवढी चकती. मोबाइल आडवा धरला की पडदा फिरतो, तो ज्या यंत्रणेमुळे, तीच येथे गतीतील बदल आणि वळणे मोजते. पाठीवर बांधली तर गोलंदाजाने सरावात किती चेंडू टाकले याची ती आपोआप नोंद ठेवते. नडगीवर बांधली तर प्रत्येक पावलाचा हादरा टिपते. मूळ चकती काही शे रुपयांत मिळते. महाग असतो तो तिच्याभोवतीचा व्यापार.

परंतु यंत्र दुखापतीचे भाकीत करते, हा दावा सावधपणेच ऐकला पाहिजे. नडगीवर जाणवणारा हादरा आणि हाडावर पडणारा भार या एकच गोष्टी नव्हेत. हाडावरचा बराचसा भार पोटरीचे स्नायू आवळल्याने पडतो आणि तो चकतीला दिसत नाही. या आठवड्याचे श्रम गेल्या महिन्याच्या सरासरीशी ताडून धोका सांगणारे सूत्रही काही काळ फार गाजले. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी त्यातील उणिवा दाखवून दिल्या.

माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग दुखापतीनंतर आहे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झालेला खेळाडू चार-पाच महिन्यांत ‘आता दुखत नाही’ म्हणू लागतो. २०१६ च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापतीचा संभव दर महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटतो. न दुखणे आणि बरे होणे यांतील हा फरक खेळाडूला कळत नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. उडी मारून उतरताना तो डाव्या पायाला अजून जपतो आहे, हे मात्र संवेदक दाखवू शकतो. येथे तुलना त्याची त्याच्याशीच असते, म्हणून ती विश्वसनीय ठरते.

यासाठी परदेशी कंपनीकडे धाव घेण्याचे कारण नाही. लोणी आणि विळदघाट येथे भौतिकोपचार महाविद्यालये आहेत. संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दोघांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा तपासणी ठेवली, तर दहा-वीस संच अनेक शाळांना पुरतील. मात्र नोंदी खेळाडूच्याच राहिल्या पाहिजेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती २०२३ च्या कायद्याने आवश्यक ठरविली आहे. निवड समितीच्या हाती ही नोंद गेली, तर मुले दुखणे लपवायला शिकतील. तेवढी हुशारी त्यांच्यात नक्कीच आहे.

शिवाय यंत्राविना होण्यासारखे पुष्कळ आहे. फुटबॉल खेळणाऱ्या नॉर्वेतील मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ वीस मिनिटांच्या ठरावीक पूर्वव्यायामाने गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. कोणताही क्रीडाशिक्षक तो व्यायाम आठवडाभरात शिकू शकेल, अर्थात त्याच्याकडे इतर कारकुनी कामे सोपविली नसतील तर.

आणखी एक गोष्ट सरकारच्याच हातात आहे. भरतीची तारीख अनिश्चित राहते, उमेदवार सराव सोडून शेतात किंवा दुकानात कामाला लागतात. मग एकाएकी जाहिरात येते आणि चार महिन्यांचा सराव चार आठवड्यांत कोंबला जातो. नडग्या फुटतात त्या या घाईत. मैदानी चाचणीचा महिना सहा महिने आधी जाहीर करायला एकही संवेदक लागत नाही.