कुंडीतील रोपे आणि यंत्राचे पाणी



अलीकडे आपल्या पुष्कळ घरांत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आले आहे. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांपैकी सीमाभागातील कित्येक कुटुंबे गावच्या केंद्रावर नाणे टाकून २० लिटरचा कॅन भरून आणतात. या पाण्यास सर्वजण ‘आर. ओ.चे पाणी’ म्हणतात. जे पाणी आपणांस मानवते ते गुलाबास व अबोलीस का देऊ नये, असा प्रश्न आपल्या भगिनी विचारतात. याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की यंत्राच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी मोरीत वाहून जाते, ते झाडांना घातले तर चालेल काय? दोहोंचा आज विचार करू.

प्रथम यंत्राचे तत्त्व समजून घ्यावे. सुकी मनुका पाण्यात टाकली म्हणजे फुगते. तिच्या आतला रस दाट असतो व बाहेरचे पाणी पातळ असते, म्हणून सालीतून पाणी आत ओढले जाते. या ओढीस शास्त्रात परासरण म्हणतात. यंत्रात दाब देऊन ही ओढ उलटविली जाते. पाणी एका सूक्ष्म पडद्यातून पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे राहतात. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी अशा कामास उपयोगी पडदा सिद्ध केला. पुढे १९६५ साली त्याच राज्यातील कोलिंगा गावी मचूळ पाणी या रीतीने गोड करणारे केंद्र सुरू झाले.

तेव्हा हे यंत्र क्षार नाहीसे करीत नाही, ते केवळ वेगळे करते. एका नळीतून जे वजा झाले ते दुसऱ्या नळीत जमा होते. समजा, आपल्या कूपनलिकेच्या पाण्यात दर लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि यंत्र १ लिटर गोड पाणी देताना ३ लिटर बाहेर टाकते. मग ४ लिटरांतील जवळजवळ सर्व क्षार त्या ३ लिटरांत येतात आणि त्याचा अंक ७८० च्या आसपास जातो. मूळ पाणी २०० चे असेल तर टाकाऊ पाणी २६० चे होईल. ते कोणत्याही सामान्य झाडास निर्धास्त घालावे. परंतु मूळ पाणी १५०० चे असेल तर टाकाऊ पाणी २००० च्या घरात जाईल, आणि ते नाजूक रोपांस सोसवणार नाही.

ते का सोसवत नाही, याचे उत्तर त्या मनुकेतच आहे. झाडाचे मूळही परासरणानेच पाणी ओढते. मातीतील ओल मुळातील रसाहून पातळ असेल तोवर ठीक; मातीत क्षार साठले म्हणजे ओढ मंदावते आणि कुंडी ओली असूनही रोप तहानलेले राहते. पानांची टोके करपतात, मातीवर व कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात. मग घरातील माणसे ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी तेच पाणी घालतात! पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मात्र तेथेच राहतात. ७८० च्या पाण्याचा रोज १ लिटर घातला आणि तळातून काहीच निथळले नाही, तर १०० दिवसांत त्या कुंडीत ७८ ग्रॅम क्षार साठतील.

आता गोड पाण्याविषयी. त्याने झाडे मरतात ही समजूत खरी नव्हे. ऑर्किड, नेचे व कोवळी रोपे यांना ते चांगलेच मानवते. मात्र त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम नाममात्र उरलेले असतात, म्हणून ज्या कुंडीस नेहमी तेच पाणी मिळते तिला शेणखत किंवा गांडूळखत वेळोवेळी द्यावे. परंतु १० कुंड्यांना अर्धा अर्धा लिटर द्यायचे म्हटले तर ५ लिटर गोड पाण्यापायी १५ लिटर मोरीत जाईल. वैशाखात विहिरीने तळ गाठलेला असता अशी उधळपट्टी कोणत्याही घरास शोभत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. पाण्यातील क्षार मोजणारे लहानसे टीडीएस मीटर बाजारात मिळते. चार घरे मिळून एक घ्यावे. ते क्षारांचे प्रमाण सांगते, प्रकार सांगत नाही. तरी घरगुती कामास पुरेसे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा ठेविली आहे. आपले मूळ पाणी त्याहून पुष्कळ खाली असेल, तर केवळ क्षारांसाठी हे यंत्र घेण्याचे कारण नाही.

टाकाऊ पाणी बादलीत धरावे. त्याने लादी पुसावी, शौचालय धुवावे. अंक हजाराच्या आत असेल तर नारळ, चिकू व बोगनवेल यांस ते घालावे. गुलाब व घेवडा यांस त्यात निम्मे साधे पाणी मिसळून द्यावे. महिन्यातून एकदा कुंडीत साधे पाणी तळातून भरपूर निथळेपर्यंत ओतावे आणि खालच्या ताटलीतील पाणी फेकून द्यावे. आणि मृगाचा पाऊस लागला, की घरातील सर्व कुंड्या अंगणात मांडाव्यात. पावसाच्या पाण्यात क्षार नाममात्रच असतात. वर्षभर साठलेले ते धुऊन नेते, आणि त्यासाठी कोणतेही पाणी मोरीत सोडावे लागत नाही.